रंधा न लागलेली जागा

बाक वाचल्याशिवाय त्याला रंधा लावायचा नाही, असा सुतारमामांचा नियम होता. शाळेने घालून दिलेला नव्हे, त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला. मोठी सुट्टी लागली की शिपाई वर्गावर्गातली बाकं ओढत आणून लांबलचक व्हरांड्यात ओळीने लावायचा. पहिला दिवस मामा हत्याराला हात लावत नसत. चष्मा सदऱ्याला पुसायचा, कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवायची आणि एकेका बाकासमोर वाकून, फळीवर बोट फिरवत, डावीकडून उजवीकडे सगळं वाचून काढायचं.

"मामा, परीक्षा आहे का तुमची?" शिपाई दरवर्षी विचारायचा.

"परीक्षा त्यांची झाली. मी पेपर तपासतोय," मामा दरवर्षी सांगायचे.

असे पेपर त्यांनी सत्तावीस सुट्ट्या तपासले. त्यांची स्वतःची शाळा सहावीत सुटली होती. वडिलांच्या हाताखाली रंधा धरला तेव्हा त्यांची मूठ त्याच्या दांड्याभोवती पुरती वळतसुद्धा नव्हती. चौदा-पंधरा वर्षांची मुलं एकमेकांशी काय बोलतात, हे त्या वयात त्यांच्या वाट्याला आलंच नाही. ते पुढे त्यांना बाकांनी सांगितलं.

सुरुवातीच्या वर्षांत फळ्या नुसत्या गजबजलेल्या असत. कर्कटकाच्या टोकाने कोरलेली आद्याक्षरं. एका नावापुढे बाण, बाणाच्या टोकाला दुसरं नाव, आणि तिसऱ्याच कुणीतरी ते खरवडून शेजारी लिहिलेलं, 'साफ खोटं'. गणिताच्या सरांचं नाक. "तू बोलत नाहीस तर मीपण नाही," आणि त्याखाली वेगळ्या शाईत, "नको बोलूस, कोण मरतंय," आणि त्याच्याही खाली, पहिल्याच शाईत पण अगदी बारीक, "सॉरी." अशा भांडणांचा निकाल सापडेपर्यंत मामांना चैन पडत नसे. कधीकधी तो पुढच्या बाकाच्या पाठीवर असायचा.

मग एका वर्षी आकडे आले. फळीभर दहा-दहा आकड्यांच्या रांगा, नाव नाही, गाव नाही. एका बाकावर तर चक्क कोष्टक होतं : एक रिंग म्हणजे निघाले, दोन म्हणजे पोचले, तीन म्हणजे आई जवळ आहे, फोन करू नकोस. मामांनी घरी येऊन ही गंमत लेकीला सांगितली. लेक तेव्हा स्वतःच सोळाची होती. ती इतकी लालबुंद झाली की मामांनी घाईघाईने पाणी मागितलं.

आकडेही गेले. अर्धेमुर्धे शब्द आले, काना-मात्रा गाळलेले, घाईत बस पकडल्यासारखे. आणि मग वर्षागणिक फळ्या रिकाम्या होत गेल्या. गेल्या चार-पाच सुट्ट्यांत मामांचा वाचायचा दिवस अर्ध्या तासात आटपायला लागला. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या खूश होत्या. "बघा मामा, मुलं सुधारली."

मामा मान डोलवत, पण त्यांना ते पटत नसे. इतकी मुलं वर्षभर गप्प बसली असतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. बोलणं चालूच असणार. ते आता कुठे चाललंय तेवढं त्यांना दिसत नव्हतं, आणि तळहाताखाली गुळगुळीत कोरं लाकूड लागलं की त्यांना उगीच धास्ती वाटायची.

यंदाची सुट्टी त्यांची शेवटची होती. पुढच्या वर्षापासून लोखंडी पायांची, चकचकीत पृष्ठभागाची बाकं येणार होती. "तुम्हालाही विश्रांती, मामा," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. यंदाची ही बाकं घासूनपुसून कुठल्याशा दुसऱ्या शाळेला जायची होती.

पण या सुट्टीत मामांच्या मनात बाकं नव्हती. घरात त्यांची नात बारा दिवस बोलत नव्हती.

*

नातीला घरात टिटवी म्हणत. लहानपणी ती इतकी कलकलायची की मजला गोळा व्हायचा. आता ती पंधराची होती. नववीची परीक्षा संपली आणि दोन दिवसांनी तिचा आवाज गेला. आजारी नव्हती, रुसलेली नव्हती. विचारलं तर "काही नाही" म्हणायची, ताट अर्धं ठेवून उठायची आणि खिडकीखाली पाय पोटाशी घेऊन बसायची. फोन शेजारी, पालथा. दर दहा मिनिटांनी तो उलटून बघायचा आणि पुन्हा पालथा ठेवायचा.

टिटवीची आई रुग्णालयात नर्स होती. नवरा परगावी नोकरीला, म्हणून ती लेकीला घेऊन वडिलांकडे राहत होती. तिच्या पाळ्या बदलत्या. निकाल आला, त्यात दोन विषयांत टिटवी कशीबशी काठावर तरली होती. त्या संध्याकाळी आई गणवेश न बदलताच स्वयंपाकघरात उभी राहिली.

"बाबा, मी ठरवलंय. रविवारी मला सुट्टी आहे. फोन दुकानात नेऊन पूर्ण पुसून घ्यायचा. ते कोरा करून देतात, अगदी नवा आणल्यासारखा. मग तो कपाटात. दहावी संपेपर्यंत नाही."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय? उत्तर कुठे देते ती? काय चाललंय त्यात देवाला ठाऊक. कोण कुठली माणसं, कसली कसली नावं! परवा स्क्रीनवर बघितलं, 'पावशेर'. पावशेर हे काय माणसाचं नाव झालं? कुणी चाळीस वर्षांचा बाप्या असला म्हणजे?"

ही शंका मामांच्याही मनात होती.

"तुम्ही शाळेतली बाकं वाचता ना मोठ्या हौसेने?" लेक म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "मग हिचा फोन वाचून दाखवा. नाहीतर मी पुसते."

"बाक वर्गात उघडं पडलेलं असतं गं," मामा म्हणाले. "हे तसं नाही."

"मग?"

"रविवारपर्यंत थांब. उद्यापासून तिला मी कामावर नेतो."

"रविवार म्हणजे रविवार हं, बाबा."

*

टिटवी आली, कारण नाही म्हणण्याइतकंही तिला बोलायचं नव्हतं. मामांनी तिच्या हातात कुंचला दिला. रंधा मारला की फळीवर पातळ सालपटं उठत, कागदाच्या गुंडाळीसारखी. ती झटकून पोत्यात भरायची, एवढंच तिचं काम. पोती मामा कुणाला देत नसत. सुट्टी संपेपर्यंत ती वर्गाच्या कोपऱ्यात नीट बांधून ठेवलेली असत, प्रत्येकावर खोलीचा क्रमांक लिहिलेला.

पहिला दिवस ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी शिपाई तिला म्हणाला, "अगं, तुझं नाव टिटवी कुणी ठेवलं? मुंगी ठेवायला हवं होतं." ती हसली नाही. मामांनी शिपायाकडे असं बघितलं की तो चहा आणायला निघून गेला.

मामांनीही काही विचारलं नाही. लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की ते ओरबाडतं, हे त्यांना हाताने कळत होतं. माणसाचंही तसंच असेल असा काही विचार त्यांनी केला नव्हता. काय विचारावं तेच त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ते आपले काम करत राहिले.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जरा आधी, टिटवीचा कुंचला अडकला.

"आबा, हे बाक खराब झालंय. मध्येच वर आलंय."

खिडकीकडच्या त्या बाकाच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा आजूबाजूच्या फळीपेक्षा उंच होता. कडा काचपेपरने घासून उतरत्या केलेल्या, म्हणजे वही ठेवली तर डुगडुगणार नाही. वर्षानुवर्षांच्या हातांनी तो तुकडा काळा, तुळतुळीत झाला होता.

"खराब नाही ते. टेंगळाचं बाक म्हणतात त्याला," मामा म्हणाले. "पेपरच्या आधी मुलं त्यावर हात ठेवून जातात. का, ते त्यांनाही माहीत नाही."

टिटवीने वाकून बघितलं. काळेपणात अक्षरं होती, खोल कोरलेली. ती बोटाने लावत गेली. "सकाळ, मी अजून... इथेच बसतो. दुपार." ती सरळ झाली. "म्हणजे काय?"

बारा दिवसांत तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मामांनी रंधा खाली ठेवला, बाकाच्या कडेवर बसले आणि ज्या गोष्टीबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते ती सांगायला लागले.

"मला इथे चौथं वर्ष होतं. तेव्हा शाळा दोन पाळ्यांत भरायची. सकाळी एक मुलं, दुपारी दुसरी, बाक तेच. वर्षाच्या मधल्या दिवसांत कधीतरी तपासणी येणार होती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला रविवारी बोलावलं, म्हणाले, या खोलीतली बाकं फार घाण झालीत, उद्याच्या आत साफ करून टाका. मी आलो, रंधा मारला, चार तासांत खोली लखलखीत केली. वाचलं-बिचलं काही नाही. तेव्हा मी वाचत नसे."

"मग?"

"सोमवारी दुपारी मी खाली एक दार बसवत होतो. एक मुलगा धावत आला. तुझ्याएवढाच. म्हणाला, 'मामा, भुसा कुठे आहे?' मी म्हटलं, कसला भुसा? म्हणाला, 'काल बाकांचा काढलात तो. सालपटं. फेकली का?'"

टिटवीने कुंचला मांडीवर ठेवला होता.

"या बाकावर तो दुपारी बसायचा. सकाळच्या पाळीत इथे जे कोणी बसायचं, ते आणि हा, वर्षभर एकमेकांशी लिहून बोलत होते. एकाने सकाळी लिहायचं, दुसऱ्याने दुपारी उत्तर द्यायचं. एकमेकांना पाहिलेलं नाही. नाव विचारायचं नाही असं ठरलेलं. ते म्हणे 'सकाळ', हा 'दुपार'. मुलगा आहे की मुलगी, तेसुद्धा याला माहीत नव्हतं. शुक्रवारी सकाळने लिहिलं, आमचं बिऱ्हाड दुसऱ्या शहरात चाललंय, उद्या जायच्या आधी नवा पत्ता लिहून ठेवते... ठेवतो... काय असेल ते. शनिवारी फक्त सकाळची शाळा असायची. पत्ता लिहिला गेला. आणि रविवारी मी आलो."

"सालपटं होती का?"

"शिपाई तेव्हा पाणी तापवायचा चुलीवर. त्याला देऊन टाकली होती."

टिटवीने कोरलेल्या अक्षरांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"तो रडला?"

"नाही. 'बरं' म्हणाला. मग परत आला आणि मला म्हणाला, 'तुम्हाला माहीत नव्हतं, मामा.' माझीच समजूत काढून गेला. त्याने शिवी दिली असती ना पोरी, तर बरं झालं असतं."

पुढच्या मोठ्या सुट्टीत मामांना या कोपऱ्यात ती ओळ सापडली होती, कोऱ्या लाकडात एकटीच. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा प्रत्येक बाक वाचलं. त्या ओळीला रंधा लावला नाही, त्या वर्षीही नाही आणि नंतरच्या कुठल्याच वर्षी नाही. दर सुट्टीला आजूबाजूची फळी कागदाइतकी खाली जात राहिली. तो तुकडा तेवढा जिथल्या तिथे राहिला, म्हणून उंच दिसायला लागला.

"सकाळ परत आली का कधी?" टिटवीने विचारलं.

"मला काय माहीत? आली असेल तर वाचलं असेल."

टिटवीने फोन उलटून बघितला. पालथा ठेवला नाही. तो हातात धरून ती म्हणाली, "आबा, आई तो पुसणार आहे ना?"

"रविवारी."

"मग पावशेरला मी सापडणारच नाही."

*

मग ते आलं, तुकड्यातुकड्यांनी, मध्येच थांबत, मध्येच "तुला नाही कळणार" म्हणत. मामांनी कळल्यासारखं केलं नाही. जे कळलं नाही ते पुन्हा विचारलं.

चित्रं काढणाऱ्या मुलामुलींची एक जागा होती फोनमध्ये. तिथे दोन वर्षांपूर्वी पावशेरने टिटवीच्या चित्रातल्या घोड्याला पाच पाय आहेत हे दाखवून दिलं. टिटवीने तिला खडसावलं, तिने आणखी एक पाय काढून पाठवला आणि मैत्री झाली. पावशेर, कारण ती बुटकी आणि बारकी. दोघींनी ठरवलं होतं, खरं नाव नाही, नंबर नाही, फोटो नाही. शाळेतल्या मुली नावाने ओळखतात, मार्कांनी ओळखतात, कोण कुणाशी बोलतं त्यावरून ओळखतात. इथे तसं काही नव्हतं.

"रोज बोलायचो आम्ही. रोज म्हणजे रोज. आणि तेरा दिवसांपूर्वी ती म्हणाली, आज रात्रीपासून उपास आहे, उद्या पहाटे उठायचंय, हसू नकोस, नंतर सांगते." टिटवीने ओठ दाबून धरले. "आणि मी हसले. मी लिहिलं, 'तू आणि उपास? आधीच पावशेर, आता छटाक होशील.' तेव्हापासून ती नाही. मी किती वेळा माफी मागितली. ती वाचतच नाही. वाचलं की खाली 'पाहिलं' असं येतं. येतच नाही."

"दुसरीकडून निरोप द्यायचा."

"कुठून? ते खातं मी तेरा वर्षांची असताना उघडलंय, वय खोटं सांगून. कुठला ईमेल दिला, पासवर्ड काय, काही आठवत नाही. या फोनमध्ये ते उघडं आहे म्हणून आहे. पुसलं की मी बाहेर. उद्या तिचा राग गेला, तिने लिहिलं, तर ते कुणाला मिळणार?"

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, फिरवली, परत ठेवली. "हे आईला सांगितलंस?"

"ती म्हणेल, कुणी बाप्या असेल."

"म्हणेल. मलाही वाटलं होतं."

"आबा!" ती ओरडली. व्हरांड्यात तो आवाज घुमला. शिपाई दारातून डोकावला आणि मामांना दिसलं की तो मनातल्या मनात खूश झालाय. "तिचा आवाज आहे माझ्याकडे. ती आवाज पाठवायची. ऐक हवं तर."

"मला नको," मामा म्हणाले. "आईला ऐकव. तुझी तू."

*

रविवारी सकाळी टिटवी अंघोळीला गेली असताना आईने फोन उचलून पर्समध्ये टाकला. तिला भांडण नको होतं. मामा जिन्याच्या तळाशी उभे होते.

"बाबा, बाजूला व्हा. दुकान बारालाच बंद होतं आज."

"ती केस पुसत खाली येईपर्यंत थांब."

"आणि मग? मी वाईट आई ठरणार ना? ठरते. मला चालेल. तुम्ही आजोबा, तुम्हाला लाड करायला काय जातंय!"

"हो, मला काही जात नाही," मामा म्हणाले. त्यांनी कठड्याला घट्ट धरलं होतं. "माझं जायचं ते सत्तावीस वर्षांपूर्वी गेलं. मुख्याध्यापकांनी बाकं साफ करा म्हटलं, मी केली, आणि एका पोरासाठी लिहिलेला पत्ता पुसला गेला. त्यांचंही चुकलं नव्हतं, माझंही चुकलं नव्हतं. मला आजही त्या पोराचा चेहरा दिसतो. दहा मिनिटं, बाळ. एक आवाज ऐक आणि मग काय करायचं ते कर. मी परत आडवा येणार नाही."

वडिलांनी तिला 'बाळ' म्हणून किती वर्षं झाली होती, ते तिलाही आठवलं नाही. ती पायरीवर बसली.

टिटवी ओल्या केसांनी खाली आली तेव्हा आई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आईने फोन काढून तिच्यासमोर धरला.

"आबा म्हणतात, ऐकव. ऐकव."

टिटवीने त्यातल्या त्यात मजेशीर तुकडा शोधला. एका मुलीचा आवाज जिन्यात उमटला, पातळ, भराभर बोलणारा : "ए टिटवे, तुझ्या त्या मांजराला मानच नाहीये, मी तीन वेळा मोजली, नाहीच आहे, आणि तू शहाणपण शिकवतेस मला..." मग हसणं, मग खोकला, मग पुन्हा हसणं.

"बघितलंस? बाप्या नाहीये," टिटवी म्हणाली.

आईची मान जराशी कलली होती. मामांनी लेकीला असं ऐकताना पूर्वी पाहिलं नव्हतं. घरी ती अशी ऐकतच नसे.

"परत लाव."

पुन्हा मांजर, पुन्हा मान, हसणं, खोकला.

"आवाज वाढव. बोलण्याच्या मागचं ऐकायचंय मला."

तिसऱ्यांदा मामांनाही ऐकू आलं. हसण्याच्या मागे, दूर, एक बारीक टूं-टूं. थांबून परत टूं-टूं. टिटवी म्हणाली, "ते कसलं तरी घड्याळ आहे. तिच्याकडे नेहमी असतं."

"घड्याळ नाही ते," आई म्हणाली. "सलाईनच्या यंत्राचा आवाज आहे. औषध संपत आलं की वाजतं. मी रोज उठून तेच बंद करत असते." तिने टिटवीचा हात धरला. "नेहमी असतं म्हणालीस. म्हणजे किती दिवस?"

टिटवीने मागचे तुकडे लावले. महिनाभरापूर्वीचा होता त्यात टूं-टूं होतं. तीन महिन्यांपूर्वीच्या एकात होतं, दोनांत नव्हतं. गेल्या वर्षीच्या एकातही होतं.

"आणि ती शेवटी काय म्हणाली होती? नीट वाच."

टिटवीने वाचलं. रात्रीपासून उपास. पहाटे उठायचंय. हसू नकोस. नंतर सांगते. वाचता वाचताच तिचा आवाज बसत गेला.

"ती रागावलेली नाही, टिटवे," आई म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात. त्यानंतर फोन हातात यायला कधी आठ दिवस लागतात, कधी महिना. काय झालं असेल ते मला माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही तुला. पण तुझी छटाकवाली थट्टा तिने वाचलेलीच नाही अजून."

"मग ती मी काढून टाकू? तिने वाचायच्या आधी?"

आईने वडिलांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही.

"राहू दे," आई म्हणाली. "आमच्याकडे पेशंट शुद्धीवर येतात ना, तेव्हा सगळे त्यांच्याशी हळू आवाजात, जपून बोलतात. त्यांना त्याचा वैताग येतो. तिला कुणीतरी छटाक म्हणू दे."

मग ती टिटवीच्या ओल्या केसांवर हात ठेवून तिथेच बसून राहिली. दुकान बाराला बंद झालं.

*

सोमवारी टिटवी मामांच्या आधी तयार होऊन दारात उभी होती. फोनबद्दल आईने अटी घातल्या होत्या, दिवसाला एक तास, तोही आईसमोर किंवा आबांसमोर. टिटवीने त्यावर वाद घातला, बऱ्यापैकी मोठ्याने, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "टिटवी बरी झाली वाटतं?"

व्हरांड्यात शेवटची अकरा बाकं उरली होती. टेंगळाचं बाक मामांनी मागे ठेवलं होतं. मोठ्या बाई येऊन बघून गेल्या होत्या. "मामा, हे असं कसं द्यायचं दुसऱ्या शाळेला? निदान आता तरी सपाट करा." मामा म्हणाले होते, "बघतो, बाई."

"कापून घरी नेऊया?" टिटवीने विचारलं. "तेवढाच तुकडा. मी भिंतीवर लावते."

मामांनी फळीवर हात ठेवला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या मनात हे कितीदा येऊन गेलं होतं. "घरी नेला तर सकाळला कुठे सापडणार?"

"आबा, ती आता चाळिशीची असेल. ती कशाला बाकं बघत फिरेल?"

"नसेल फिरत," मामा म्हणाले.

त्यांनी बाक उजेडाकडे वळवलं, रंधा उचलला आणि त्या तुकड्याच्या कडेपासून चार बोटं सोडून फळीवर चालवला. पहिलं सालपट उठलं, लांब, अखंड, आणि टिटवीच्या पायाशी पडलं. तिने ते झटकलं नाही. फोन काढला, वाकली, हाताची सावली बाजूला केली आणि त्या ओळीचा फोटो घेतला. खाली काय लिहावं याचा तिने बराच वेळ विचार केला. तीनदा लिहून तीनदा खोडलं. शेवटी नुसता फोटोच पाठवला.

फोटो गेला. त्याच्या वर तिच्या माफ्यांची रांग होती, त्यांच्या वर ती छटाकवाली थट्टा, आणि कशाच्याच खाली 'पाहिलं' नव्हतं.

टिटवीने फोन टेंगळाच्या शेजारी ठेवला, पालथा नाही, उताणा, आणि कुंचला घेतला. "पोत्यावर काय लिहू?"

"खोली सात," मामा म्हणाले. "खिडकीकडचं बाक."

तिने लिहिलं. मग त्याखाली, मामा चष्मा पुसत असताना, आणखी काहीतरी लिहिलं. ते त्यांनी पोतं बांधताना वाचलं : 'फेकू नये.'